कोळशाचे दोन विस्तव

लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल किंवा घरी भांडी घासता घासता, फक्त पाच मिनिटं द्या. आज मला माझीच एक गोष्ट कबूल करायची आहे.

गेल्या पावसाळ्यातली. शुक्रवारी रात्री घरी जायच्या घाईत मी सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये एक ओळ बदलली. टेस्ट केलं नाही. शनिवारी सकाळी ग्राहकांना दोनदोन बिलं जायला लागली. कॉलवर मॅनेजरने विचारलं, "हे कोणी केलं?" आमची अख्खी टीम एकाच लॉगिनने सर्व्हरवर जायची, त्यामुळे लॉगमध्ये कुणाचंच नाव नव्हतं. सगळ्यांचा संशय गेला आमच्या ज्युनिअरवर. बिचारा कॉन्ट्रॅक्टवर, नवीन. तो म्हणाला, "सर, मी हात पण लावला नाही." मग मॅनेजर मला म्हणाले, "तुला काही माहितेय?"

मी म्हणालो, "नाही, बघावं लागेल."

संध्याकाळी त्या मुलाला प्रोजेक्टवरून काढलं. रविवारी मी उपासनेला गेलो, गाणी म्हटली, अर्पण टाकलं. पण प्रभुभोजनाच्या वेळी हात पुढे जाईना.

घरी येऊन योहानाचं शुभवर्तमान उघडलं. अध्याय 18. थंडीची रात्र. महायाजकाच्या अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय आणि पेत्र तिथे शेकत उभा आहे. तू येशूचा शिष्य ना, असं त्याला तीनदा विचारतात आणि तिन्ही वेळा तो नाही म्हणतो. पहिल्यांदा विचारणारी कोण, तर दारावरची एक मुलगी. तिच्यासमोरसुद्धा त्याची हिंमत झाली नाही. मला माझा कॉल आठवला.

मग अध्याय 21. तिबिर्या समुद्राचा किनारा, पहाट. रात्रभर जाळं रिकामं, आणि आता येशूच्या सांगण्यावरून टाकलं तर 153 मासे. किनाऱ्यावर येशूने विस्तव पेटवून ठेवलाय, वर मासळी, सोबत भाकर. मूळ ग्रीकमध्ये या कोळशाच्या विस्तवाला 'अंथ्राकिया' म्हटलंय. अख्ख्या नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी येतो. एकदा त्या अंगणात, एकदा या किनाऱ्यावर.

माझ्या आजीकडे कोळशाची शेगडी होती. आजही कुठे तो वास आला की मी थेट तिच्या स्वयंपाकघरात पोचतो. मग त्या पहाटे पेत्राला काय काय आठवलं असेल?

येशू त्याला आधी जेवू घालतो. नंतर विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं, पण जितक्या वेळा तो नाही म्हणाला होता, तितक्या वेळा त्याला हो म्हणायला मिळतं. आणि दर वेळी काम मिळतं, माझी मेंढरं सांभाळ.

मला वाटायचं, क्षमा म्हणजे हिस्टरी क्लिअर. रात्री प्रार्थना केली, संपलं. पण येशूने पेत्राला पुन्हा विस्तवापाशीच नेलं.

सोमवारी त्याच कॉलवर, त्याच लोकांसमोर मी म्हणालो, "तो बदल माझा होता. आणि शनिवारी मी खोटं बोललो." कोणीच काही बोललं नाही. माझा सर्व्हरचा ॲक्सेस गेला, अप्रेझललाही फटका बसला. तो मुलगा प्रोजेक्टवर परत आला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे. पण त्या रात्री मी आईला सांगून टाकलं होतं, बहुतेक नोकरी जाणार."

त्या माऊलीची ती रात्र मी परत देऊ शकत नाही. तो मुलगा आधी मला दादा म्हणायचा, आता सर म्हणतो. मी वाट बघतोय.

पण पुढच्या प्रभुभोजनाला माझा हात पुढे गेला.

तुमचा विस्तव कुठला? कुठल्या घरात, कुठल्या ग्रुपवर, कुणासमोर तुम्ही नाही म्हणालात? या आठवड्यात तिथे परत जाल का? घाबरू नका, येशू तिथे आधीच पोचलेला असतो, न्याहारी घेऊन.

चला, प्रार्थना करूया. प्रभू, जिथे आम्ही पडलो, तिथे परत जायचं धैर्य दे. आणि आमच्यामुळे ज्याला सोसावं लागलं, त्याला तू सांभाळ. आमेन.

भेटू पुढच्या भागात. सलाम!