यजमानाचा शब्द
(अण्णा नगर येथील स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) पाहून आमची झोप उडाली होती. खर्च जेमतेम आठ लाख डॉलर, तंत्रज्ञ दूरचित्रवाणी मालिकेचे, चित्रण कृष्णधवल आणि रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक! तरीही भय अस्सल. कारण आडरस्त्यावरच्या हॉटेलचा मालकच तेथे आश्रयास आलेल्या पाहुणीचा जीव घेतो. त्याच चित्रपटाच्या प्रेरणेतून बालू महेंद्र यांनी तमिळमध्ये ‘मूडुपनी’ (१९८०) निर्मिला.

परगावी निजणारा मनुष्य दाराच्या कडीवर नव्हे, यजमानाच्या शब्दावर विसंबतो. आम्हीही वळकटी घेऊन या नगरीत उतरलो, तेव्हा भाषा अपरिचित होती. तरी अनोळखी छपराखाली निर्धास्त झोपलो. तोच विश्वास पुढच्या नवागताला देणे, हेच आपल्या मंडळाचे खरे कार्य होय.