वास्तूंना मिळणारी मते

निवडणुकीतील उमेदवार बोलतो, आश्वासने देतो, घरोघर फिरून मते मागतो. वास्तूला यांपैकी काहीच करता येत नाही. ती आपल्या जागी उभी राहून ऊनपाऊस सोसत असते. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत जगात अनेक ठिकाणी जुन्या वास्तूंसाठी मतदान झाले, स्पर्धा झाल्या, बक्षिसे दिली गेली. सामान्य माणसाला प्राचीन स्थापत्याची गोडी लागावी, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू. हेतू चांगलाच आहे. परंतु मते मिळाल्याने वास्तूच्या पदरात नेमके काय पडले, आणि जिला मते मिळाली नाहीत तिचे काय झाले, हे प्रश्न विचारल्यावाचून त्याचे मोल ठरवता येत नाही.

भारतीयांना या प्रकाराची ओळख झाली ती २००७ साली. स्वित्झर्लंडमधील एका खासगी प्रतिष्ठानाने जगातील सात नवी आश्चर्ये लोकांच्या मतांनी निवडण्याचे ठरवले. एकवीस वास्तू अंतिम फेरीत होत्या व त्यांत ताजमहाल होता. शाळांतून, वर्तमानपत्रांतून, भ्रमणध्वनीवरील संदेशांतून ताजसाठी मते मागितली गेली. ७ जुलै २००७ रोजी लिस्बन येथे निकाल जाहीर झाला आणि चीनची भिंत, रोमचे कलोसियम, पेट्रा, माचू पिचू यांच्या पंक्तीत ताजमहाल बसला. दहा कोटींच्या वर मते पडल्याचे संयोजकांनी सांगितले. मात्र दूरध्वनीवरून एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मत देता येत होते. युनेस्कोने तर निकालापूर्वीच स्पष्ट केले होते की, या उपक्रमाशी आपला संबंध नाही, त्यातून केवळ इंटरनेट वापरणाऱ्यांचे मत कळेल, आणि वास्तूंच्या जतनाला त्याचा टिकाऊ उपयोग व्हायचा नाही.

वस्तुतः ताजमहालाला कीर्तीची वाण कधीच नव्हती. त्याला धोका होता तो कारखान्यांच्या धुराचा. त्या धोक्याविरुद्ध १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल झाला, बारा वर्षे त्याची सुनावणी चालली, आणि ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने आग्र्याच्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना नैसर्गिक वायू वापरा अथवा अन्यत्र जा, असा आदेश दिला. ज्या कामाने ताजच्या संगमरवराचे रक्षण होणार होते, ते मतदानापूर्वी दहा वर्षे, कोणताही जल्लोष न होता, न्यायालयाच्या दालनात झाले होते. २००७ च्या मतांनी भारतीयांना आनंद दिला. ताजची जबाबदारी त्या मतांनी कोणावर टाकली नाही.

याहून निराळा प्रयोग इंग्लंडात २००३ साली झाला. बी. बी. सी. ने दूरचित्रवाणीवर ‘रेस्टोरेशन’ नावाची मालिका सुरू केली. पडझडीला आलेल्या तीस वास्तू जाणकारांनी आधी निवडल्या. प्रत्येकीचा इतिहास, बांधणी आणि दुखणे प्रेक्षकांना दाखवले गेले, आणि मग दूरध्वनीवरून मते मागवली गेली. प्रत्येक मतामागे जो आकार पडे त्याचा काही भाग जीर्णोद्धाराच्या निधीत जाई. विजयी ठरली ती मँचेस्टर शहरातील व्हिक्टोरिया बाथ्स ही सार्वजनिक स्नानगृहाची इमारत. तिला तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. तिचा मोठा वाटा राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून आला होता.

हे स्नानगृह १९०६ साली उघडले. आत पोहण्याचे तीन तलाव, रंगीत काचांच्या खिडक्या, भिंतींवर चकचकीत फरशा. बाहेर तीन दरवाजे आणि त्यांवर कोरलेल्या पाट्या: एक पहिल्या वर्गातील पुरुषांचा, दुसरा दुसऱ्या वर्गातील पुरुषांचा, तिसरा स्त्रियांचा. त्या काळच्या समाजाची उतरंड त्या दरवाजांत आजही वाचता येते. खर्च परवडेना म्हणून नगरपालिकेने १९९३ साली ते बंद केले. शेजारपाजारच्या रहिवाशांनी त्याच वर्षी संस्था स्थापन केली व इमारत वाचवण्यासाठी दहा वर्षे खटपट केली. मतदान आले ते त्यानंतर.

किल्ले आणि हवेल्या स्पर्धेत असताना लोकांनी स्नानगृहाला का निवडले? त्याचे एक कारण उघड आहे. मँचेस्टरमधील कित्येकांनी लहानपणी त्या पाण्यात हातपाय मारले होते. तज्ज्ञ वास्तूचे वय पाहतो, शैली पाहतो, तिची दुर्मिळता तोलतो. सामान्य माणूस तिच्याशी असलेली आपली ओळख आठवतो. लोकांचे मत या ओळखीतून निघते. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट ज्या वास्तूला ओळखणारी माणसे आहेत, तिला रखवालदारही मिळतात.

या प्रयोगातही उणीव होतीच. जिंकणारी वास्तू एक, आणि मागे राहिलेल्या एकोणतीस. त्यांतील यॉर्कशरमधील वेंटवर्थ कॅसलच्या बागेतले काचेचे वनस्पतिगृह हरले. परंतु एकदा लोकांच्या नजरेत भरल्यावर त्याच्यासाठी प्रयत्न चालू राहिले आणि २०१३ साली ते पुन्हा उभे झाले. सगळ्यांच्याच नशिबी असा योग आला नाही. विजेत्या स्नानगृहाचे कामही बक्षिसाच्या रकमेत पुरे झाले नाही, ते पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. स्पर्धेचा निकाल एका रात्रीत लागतो, तर गळके छप्पर दर पावसाळ्यात पाहावे लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली सुमारे ३,७०० स्मारके आहेत. या यादीतील पन्नास स्मारके नाहीशी झाल्याची माहिती २०२२ च्या अखेरीस संसदेच्या समितीपुढे आली. चौदा वाढत्या शहरांनी गिळली, बारा धरणांच्या पाण्याखाली गेली, आणि उरलेल्या चोवीस स्मारकांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. पुढे २०२४ साली अठरा स्मारके यादीतून वगळण्यात आली. त्यांत हरियाणातील फरिदाबादजवळच्या मुजेसर येथील कोसमिनार होता.

कोसमिनार म्हणजे वाटसरूला अंतर कळावे म्हणून राजमार्गावर कोसाकोसावर उभारलेला विटा-चुन्याचा भक्कम मनोरा. बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणणाऱ्या देशात हे मिनार त्या कोसांचे साक्षीदार होत. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात असा एक मिनार आजही उभा आहे. वाघ पाहण्याच्या घाईत असलेली मुले त्याच्यावरून पुढे जातात. जगातील आश्चर्यांसाठी मतदान मांडले तर कोसमिनाराला मत कोण देणार? त्याला ओळखणारा वाटसरू केव्हाच मार्गस्थ झाला. म्हणूनच कोणती वास्तू राखावी व कोणती सोडावी, याचा निवाडा मतांवर सोपवता येत नाही. तो कायद्याचा व जाणकारांचा अधिकार होय. स्पर्धेचे काम त्याच्या अलीकडचे आहे. ओळख नसेल तेथे ती करून देणे, हे ते काम.

ते कसे करता येते याचे एक उदाहरण छायाचित्रांच्या स्पर्धेत सापडते. हॉलंडमध्ये २०१० साली विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा सुरू केली. दुसऱ्याच वर्षी ती युरोपभर पसरली, दीड लाखांहून अधिक छायाचित्रे जमली आणि तिची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. भारत २०१२ पासून तीत उतरला. येथे स्पर्धकाला यादीतील स्मारक शोधत जावे लागते, त्याच्यासमोर उभे राहावे लागते, आणि काढलेले छायाचित्र सर्वांना वापरता येईल असे खुले करावे लागते. बक्षीस कोणालाही मिळो, अमुक वर्षी अमुक स्मारक अशा स्थितीत उभे होते, ही नोंद मागे उरते. हरलेल्या छायाचित्राचेही मोल राहते, हा या स्पर्धेचा विशेष.

महाराष्ट्रातही २०१३ साली राज्यातील सात आश्चर्ये मतांनी निवडली गेली. अजिंठा, दौलताबाद, रायगड यांच्याबरोबर मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाचा मान त्यात झाला. ज्या इमारतीतून रोज लाखो माणसे धावतपळत जातात, तिला मते पडणे स्वाभाविकच होते. मँचेस्टरच्या स्नानगृहाचीच ही कथा.

परंतु मराठी माणसाकडे याहून जुनी आणि अधिक कसदार अशी एक स्पर्धा आहे. ती म्हणजे दिवाळीत मुलांनी अंगणात रचायच्या किल्ल्यांची. दगडमातीचा ढिगारा, त्यावर पेरलेले अळीव, पायऱ्यांवर मांडलेले मावळे, हे दृश्य पुष्कळ घरांतून परिचयाचे आहे. पेठापेठांतील मंडळे या किल्ल्यांना बक्षिसे देतात. ज्या स्पर्धेत खऱ्याखुऱ्या गडाची प्रतिकृती मागितली जाते, तेथे मुलाला अभ्यासावाचून गत्यंतर नसते. राजगड करावयाचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कोठे निघतात हे ठाऊक हवे. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी मातीत वळवताना ती तशी का बांधली असेल, हा प्रश्न मनात यायला हवा. परीक्षकाने एवढेच विचारावे की, शत्रू या दरवाजाशी आला तर त्याला बुरुजावरून कोण पाहील? ज्या मुलाला उत्तर देता आले, त्याला तो गड आपला वाटू लागतो.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत. हा मान मतांनी मिळाला नाही. नकाशे, मोजमापे, कागदपत्रे व तज्ज्ञांची पाहणी यांच्या आधारे तो मिळाला. परंतु यादीत नाव आल्यावर गडाच्या टाक्यात कचरा टाकू नये, तटावर नावे कोरू नयेत, हे येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवणार कोण? हे शिक्षण अंगणातल्या किल्ल्यापासून सुरू होते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी श्रोत्यांच्या शेजारीही अशी एखादी बारव, एखादा दरवाजा, एखादा मिनार असेल. तो आश्चर्यांच्या यादीत नसेल. गावच्या शाळेने वर्षातून एक दिवस मुलांना तेथे नेऊन त्याचे चित्र काढण्याची स्पर्धा ठेवावी, चित्रांवर तारीख घालून ती जपून ठेवावी. याला खर्च फारसा नाही. ज्या चोवीस स्मारकांचा पत्ता लागत नव्हता, त्यांच्या गावी अशी एक स्पर्धा जरी दरवर्षी होत असती, तरी ती कोणत्या वर्षापर्यंत उभी होती हे सांगणारा कागद आज कोणाच्या तरी हाती असता. आणि कदाचित ती उभीही असती.