लीमसला नायक म्हणावं का?

जॉन ल कॅरे यांची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा बर्लिनची भिंत उभी राहून दोनच वर्षं झाली होती. लेखक स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरीला होते. १९६५च्या चित्रपटात रिचर्ड बर्टन यांनी यातला अ‍ॅलेक लीमस साकारला. हा लीमस नायक आहे का, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

पूर्व जर्मनीतला अधिकारी मुंट याने लीमसची माणसं एकेक करून संपवलेली असतात. त्याचा काटा काढण्यासाठी लीमस दारुड्या, कफल्लक फितुराचं सोंग घेतो. सोंग खरं वाटावं म्हणून एका निरपराध किराणा दुकानदाराला मारहाण करतो, तुरुंगात जातो. पुढे पूर्व जर्मनीत मुंटवर खटला चालतो, आणि लीमसला उमगतं की मुंट ब्रिटिशांचाच माणूस आहे. आपल्याला पाठवलं ते त्याला वाचवायला. बळी जाणार आहे तो फीडलर. मुंटच्या हाताखालचा, ज्यू, बुद्धिमान, आपल्या विचारांशी प्रामाणिक. मुंटवरचा त्याचा संशय अगदी खरा होता!

शेवटी पळून जाण्यासाठी बर्लिनची भिंत चढताना लीमसवर प्रेम करणारी लिझ गोळी लागून पडते. पलीकडे उडी मारली तर लीमस वाचणार असतो. तो उडी मारत नाही. खाली उतरून तिच्याजवळ उभा राहतो आणि मरतो. पुष्कळ रसिक इथे त्याला नायक ठरवतात. हा प्रसंग मलाही हलवून सोडतो. माणूस म्हणून त्याने तिथे स्वतःला परत मिळवलं, हे मी मनापासून मानतो.

पण त्याआधीचा मोटारीतला प्रवास आठवा. फीडलरचं काय होणार, असं लिझ विचारते. त्याला गोळी घालतील, हे लीमसला पक्कं ठाऊक असतं. तरीही तो या धंद्याचं समर्थन करतो. इतरांच्या सुरक्षिततेसाठी हे करावंच लागतं, म्हणतो. फसवलं गेल्याचा संताप त्याला आहे. फीडलरसाठी मात्र तो मोटार थांबवत नाही.

प्रियजनासाठी मरणं थोर आहेच. पण ज्याचा जीव आपल्या खोट्या साक्षीने जाणार, त्याच्यासाठी जो काहीच करत नाही, त्याला मी नायक म्हणणार नाही. चित्रपट पाहायला मिळाला, तर खटल्याच्या प्रसंगात फीडलरकडे नीट बघा.