काळूचा फोटो



आज आपण कुत्र्याच्या फोटोविषयी बोलू. कोणी हसेल. म्हणेल, "लग्नाकार्यात माणसांचे फोटो काढतात. कुत्र्याचा कशाला?" पण कुत्र्यालाही मान आहे बरं का! २००५ साली आपल्या टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली. त्यांत मुधोळचा शिकारी कुत्रा होता. मुधोळ हे घोरपड्यांचे जुने संस्थान. आज ते कर्नाटकात आहे.

आमचे कारण मात्र साधे होते. आमचा काळू एकदा बाजारात चुकला. आम्ही लोकांना विचारले, "काळा कुत्रा पाहिला का?" लोक म्हणाले, "काळी कुत्री गल्लोगल्ली आहेत. तुमचं कोणतं?" आम्हांला सांगता येईना. तिसऱ्या दिवशी तो आपणहून घरी आला. तेव्हा ठरवले, याचा एक चांगला फोटो जवळ ठेवायचा. आता फोनने घरच्या घरी फोटो निघतो.

पहिल्या वेळी आम्ही सगळे उलटे केले. भर दुपारी त्याला न्हाऊ घातले. गळ्यात दोरी आवळली आणि उन्हात उभा केला. भोवती पोरे ओरडत होती. काळूने शेपूट पायांत घातली. कान मागे पाडले. तो सारखा ओठ चाटू लागला. तरी आम्ही ओढतच राहिलो. मग तो गुरगुरला. धाकट्याने त्याचे तोंड धरले आणि हाताला दात लागले.

जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतली. हळद, चुना, तिखट काही लावले नाही. त्याच दिवशी पोराला सरकारी दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे लस दिली. मंडळी, पिसाळल्याचा रोग एकदा अंगात उमटला, की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर तो टळतो. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की त्यालाही लस टोचा. पुढची लस गुरांचे डॉक्टर सांगतील तेव्हा द्या.

दोष काळूचा नव्हता. तो शेपटीने, कानांनी आधीच सांगत होता, "मला भ्या वाटतंय." ते आम्हांला वाचता आले नाही.

पुढच्या वेळी आम्ही घाई केली नाही. दोन दिवस आधी त्याला न्हाऊ घातले. कानांत पाणी जाऊ दिले नाही. गोचिड्या काढल्या. अंग विंचरले. गळपट्ट्याखाली दोन बोटे जातील एवढी जागा ठेवली. रोज थोडा वेळ फोन त्याच्यासमोर धरला आणि भाकरीचा तुकडा दिला. बक्षीस म्हणून कांदा, द्राक्षे, बेदाणे किंवा चॉकलेट देऊ नका. ते कुत्र्याला बाधते.

वेळ सकाळची निवडली. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंग थंड करतो. म्हणून उन्हात त्याला उभे करू नये. जमिनीला आपला तळहात लावून पाहावा. आपल्याला चटका बसला, तर त्याच्या पायांनाही बसणार. जवळ पाण्याचे भांडे ठेवले. पोरांना लांब बसवले.

निंबाच्या सावलीत काळू बसला. काळ्या कुत्र्याचे तोंड कडक उन्हात नुसते काळे दिसते. सावलीत, समोरून उजेड असला, म्हणजे डोळे उठून दिसतात. आम्हीही जमिनीवर बसलो आणि फोन त्याच्या डोळ्यांइतका खाली धरला. धाकट्याने हळूच हाक मारली, "काळ्याऽ!" काळूने कान उभारले. फोटो निघाला! मग एक फोटो बाजूने काढला. छातीवरचा पांढरा ठिपका आणि डाव्या कानाची चीर स्पष्ट आली. आता काळू चुकला, तर सांगायला खूण आहे.

मंडळी, आपण अक्षरे वाचायला शिकलो. तशीच मुक्या जिवाची खूणही वाचायला शिकू या. शेपूट पायांत गेली, की दोरी सैल सोडा. फोटो उद्याही काढता येईल.