वडापाव आणि कालचा पेपर

आजचा एपिसोड छोटासाच, पण तुमच्या-माझ्या रोजच्या खाण्याचा.

माझ्या मामाची वडापावची गाडी आहे. लहानपणी रद्दी पेपरचे चौकोनी तुकडे फाडून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. आता मीच त्याला म्हणतोय, "मामा, हे बंद कर."

का? एफएसएसएआयचे पॅकेजिंगचे नियम २०१८ साली आले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला किंवा ठेवायला मनाई आहे. भज्यांचं तेल टिपायलाही पेपर वापरायचा नाही. छपाईच्या शाईत शिशासारखे घातक धातू असू शकतात. वडा गरम आणि तेलकट, त्यामुळे शाई सुटते आणि थेट पोटात जाते.

मामा म्हणाला, "रद्दी स्वस्त मिळते. कोरा कागद परवडायला गिऱ्हाईक रुपया जास्त देईल का?"

खरं सांगतो, मी गप्प बसलो. नियम दिल्लीत होतो, खर्च मात्र गाडीवाल्याच्या गल्ल्यातून जातो. शेवटी आम्ही मार्ग काढला. तिथेच खाणाऱ्याला स्टीलची ताटली, पार्सलला कोरा कागद आणि घरून डबा आणणाऱ्याला एक तळलेली मिरची जास्त!

तुमच्या नाक्यावर अजून पेपरातच देत असतील, तर भांडू नका. एवढंच म्हणा, "काका, कोऱ्या कागदात द्या, रुपया जास्त घ्या." तो रुपया कोणीतरी द्यायलाच हवा ना?

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!