दुसरा पडदा काळा पडतो तेव्हां

आधार नोंदणीच्या केंद्रांत टेबलावर दोन पडदे असावे लागतात. एक नोंदणी करणाऱ्या चालकासमोर. दुसरा उलट बाजूस, समोर बसलेल्या माणसाकडे तोंड करून. ही शोभेची मांडणी नव्हे. चालकानें भरलेलें नांव, पत्ता, जन्मतारीख बरोबर उतरली कीं नाहीं हें ज्याचें त्यानें दुसऱ्या पडद्यावर पाहावें, असा भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचा नियमच आहे. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला चालकानें मजकूर वाचून दाखवावयाचा असतो. 29 सप्टेंबर 2010 रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या आदिवासी गांवीं देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांची असंख्य माणसें ह्या दुसऱ्या पडद्यापुढें बसून गेलीं. त्यांतील कांहींना तो काळाच दिसला असेल.

फुलसावंगी हें यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांतील, कापूस आणि सोयाबीन पिकविणारें गांव. तेथला एखादा शेतकरी आधारांतील नांव दुरुस्त करावयास निघाला, मग केंद्र गांवांत सांपडो, महागांवास कीं उमरखेडास, त्याचा कामाचा दिवस बुडतोच. चालक त्याचें नांव रोमन लिपींत घालतो, आणि त्यावरून यंत्र मराठी रूप आपल्या बुद्धीनें बनवितें. रोमन अक्षरांत ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा भेद राहत नाहीं, ‘ण’ आणि ‘न’ यांचाही नाहीं. बाळूचा बालू होतो, किसनचा किसान होतो. कागदावर ही एका काना-मात्रेची चूक; पण पीककर्जाच्या खात्यावर एक नांव, सात-बाराच्या उताऱ्यावर दुसरें आणि आधारावर तिसरें झालें, म्हणजे निराधारांचें अनुदान अडतें आणि म्हातारी माणसें कचेरीच्या पायऱ्या झिजवितात. बरें, चूक पुन्हा पुन्हा सुधारतांही येत नाहीं. प्राधिकरणानें 2019 सालीं घातलेल्या मर्यादेप्रमाणें नांव जन्मभरांत दोनदां आणि जन्मतारीख एकदांच बदलतां येते. त्यापुढें खास अर्जाचा मार्ग धरावा लागतो. म्हणून समोरचा पडदा बंद असतांना ‘चालूं द्या, मी नीट भरतों’ असें चालकानें म्हणणें सोयीचें असलें तरी रास्त नव्हे.

हा पडदा बंद कां पडतो? बहुतेक वेळां कारण क्षुल्लक असतें, आणि तें शोधावयास शहरांतून मेकॅनिक यावा लागत नाहीं. फुलसावंगीस तर यंत्राचें भय मुळींच नाहीं. ह्याच गांवचा शेख इस्माईल शेख इब्राहिम हा तरुण वेल्डिंगचें काम करतां करतां, इंटरनेटवरील चित्रफिती पाहून, एका माणसाचें हेलिकॉप्टर बनवीत होता. ऑगस्ट 2021 मध्यें त्याची चांचणी घेतांना पातें लागून तो मरण पावला. त्या धाडसाशीं पडद्याच्या दुरुस्तीची तुलना होणार नाहीं. येथें चुकलें तरी कोणास इजा होत नाहीं. मात्र पडद्याची मागची बाजू उघडूं नये, कारण वीज बंद केल्यावरही आंतील भागांत ती कांहीं काळ सांठून राहते.

प्रथम पडद्याच्या कोपऱ्यांतील बारीक दिवा पाहावा. तो मुळींच पेटत नसेल तर दोष विजेच्या तारेंत, बोर्डांत किंवा पडद्याच्या बटनांत आहे. संगणकाकडे वळण्याचें कारण नाहीं. दिवा पेटतो पण ‘नो सिग्नल’ अशीं अक्षरें येऊन जातात, तेव्हां पडदा जिवंत आहे, त्याच्याकडे चित्र पोहोंचत नाहीं एवढेंच. अशा वेळीं पुष्कळ ठिकाणीं असें आढळेल कीं पडद्याला दोन-तीन प्रकारच्या जोडण्या आहेत, तार एकींत आहे आणि पडदा दुसरीकडे डोळे लावून बसला आहे. पडद्याच्याच बटनानें ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बदलला कीं काम होतें.

त्यानंतर तार. जुन्या पडद्यांना निळ्या तोंडाची व्हीजीए तार असते. ही पद्धत 1987 सालीं आयबीएम कंपनीनें आणली. तिच्या तोंडांत तीन ओळींत मिळून पंधरा पिनांची जागा असून तांबडा, हिरवा व निळा हे रंग निरनिराळ्या पिनांतून येतात. त्यामुळें ही तार आपला दोष आपणच सांगते. चित्र पिवळसर दिसूं लागलें तर निळा रंग येत नाहीं. जांभळट गुलाबी दिसलें तर हिरवा. निळसर हिरवें दिसलें तर तांबडा. अशा वेळीं तार काढून पिना पाहाव्या. एखादी वांकलेली असते, ती चिमट्यानें हलकेंच सरळ करावी. एखादी जागा मात्र पुष्कळ तारांत मुळांतच रिकामी ठेवलेली असते, ती पाहून घाबरूं नये. तोंडाचे दोन्ही स्क्रू पिळल्यावांचून ही तार सोडूं नये. खुर्ची सरकली, पाय लागला, कीं ती सैल होते.

तारेंतून केवळ चित्रच जातें असें नाहीं. पडद्याच्या आंत त्याची एक लहानशी ओळखपत्रिका असते: आपली रुंदी-उंची किती, किती बिंदूंचें चित्र आपणास पेलतें. संगणक ती वाचतो आणि मगच त्याला दुसरा पडदा ओळखूं येतो. तार अर्धवट तुटली तर ही पत्रिका वाचली जात नाहीं, आणि पडदा समोर असूनही संगणकाच्या लेखीं तो नसतो. मग संगणक अंदाजानें चित्र पाठवितो. तें पडद्यास पेललें नाहीं तर ‘आउट ऑफ रेंज’ असा निरोप उमटतो. तेव्हां दुसरी तार लावून पाहावी, आणि न जमल्यास चित्राचे बिंदू कमी करून घ्यावे.

नव्या संगणकास व्हीजीएचें तोंड नसतें, म्हणून बाजारांतून एचडीएमआय-व्हीजीए असा जोड आणला जातो. ह्या जोडास दिशा असते, हें विकणारा क्वचितच सांगतो. एचडीएमआय संगणकाकडे व व्हीजीए पडद्याकडे, असा बनलेला जोड उलट लावला तर चित्र येणार नाहीं, आणि दोष बिचाऱ्या पडद्याच्या माथीं बसेल. तशीच फसगत आणखी एके ठिकाणीं होते. ज्या संगणकांत निराळें ग्राफिक कार्ड बसविलें आहे त्याच्या पाठीवर चित्राचीं तोंडें दोन जागीं दिसतात, एक मुख्य पाटीवरचें आणि एक कार्डावरचें. एक पडदा इकडे आणि एक तिकडे लावला तर पुष्कळदां मुख्य पाटीचें तोंड निजलेलें असतें. दोन्ही पडदे कार्डासच लावावे.

इतकें करूनही काळेपणा गेला नाहीं तर विंडोजची कळ दाबून धरून ‘पी’ दाबावी. चार पर्याय समोर येतात: केवळ पहिला पडदा, दोहोंवर एकच चित्र, दोहोंवर पसरलेलें चित्र, आणि केवळ दुसरा पडदा. वीज जाऊन आली किंवा कोणाचा हात भलत्या कळीवर पडला कीं कित्येकदां पहिलाच पर्याय चालूं होऊन बसतो. एकच चित्र दोहोंवर दाखविणें सोपें. पण एक पडदा रुंद व एक चौकोनी असेल तर अक्षरें ताणलेलीं किंवा पुसट दिसतात, आणि काना कोठें आहे हेंच कळेनासें होतें. चित्र पसरून ठेवलें तर दुसऱ्या पडद्यावर काय न्यावयाचें तें चालकाच्या हातीं राहतें. मात्र पडदे कोणत्या बाजूस मांडले आहेत तें संगणकास सांगावें लागतें. नाहींतर बाण उजवीकडे न्यावा आणि तो डावीकडून निघावा, असा खेळ होतो. चौकट दुसऱ्या पडद्यावर हरवली तर विंडोज व शिफ्ट ह्या कळा धरून बाणाची कळ दाबली कीं ती परत येते.

शोध घेतांना एका वेळीं एकच वस्तु बदलावी. चालू असलेल्या पडद्याची तार काढून बंद पडद्यास लावावी. तो उजळला तर दोष जुन्या तारेंत किंवा तिच्या तोंडांत. न उजळला तर पडद्यांत. तार, जोड आणि पडदा एकदम बदलून टाकणाऱ्यास पडदा लागला तरी तो कशानें लागला तें कळत नाहीं, आणि आठ दिवसांनीं तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एखाद्या दिवशीं पडदा खरोखरच गेलेला असतो. तालुक्याच्या गांवाहून दुसरा येईपर्यंत रांग थांबत नाहीं. तेव्हां चालकानें आपला पडदाच समोरच्या माणसाकडे फिरवावा, किंवा त्याला उठवून आपल्या बाजूस बोलवावें, आणि सही-अंगठ्यापूर्वीं नांवाचें एकेक अक्षर त्याच्याकडून वदवून घ्यावें. समोरच्यानेंही पावती हातीं पडतांच ती घडी करून खिशांत न घालतां तेथेंच, खुर्चीवरून उठण्यापूर्वीं, वाचावी किंवा सोबतच्या शाळकरी मुलाकडून वाचवून घ्यावी.