रिमोटच्या रणगाड्याला मोठी मोटर कशाला?

आजचा विषय रिमोटवर चालणारा रणगाडा. खेळण्याच्या दुकानातला छोटा नव्हे, १:१६ प्रमाणातला, हातभर लांब आणि चांगला वजनदार.

अहिल्यानगरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. नगर म्हणजे टँक म्युझियमचं गाव, तिथं रणगाड्याबद्दल कुणी काहीही खपवून घेत नाही. त्याला काकांनी टी-७२चं जुनं मॉडेल दिलंय. आजोबा फौजेत टँक चालवायचे. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हा टँक न्हाय, बेडूक हाय." पोराच्या जिव्हारी लागलं. आता तो विचारतोय, हाताशी तीन हजार आहेत, दमदार मोटरी टाकू का?

नको. आधी गणित करू. खरा टी-७२ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जातो. भागिले १६, म्हणजे पावणेचार. आपण रमतगमत चालतो तेवढा वेग! मॉडेल बहुतेक वेळा त्याहून कमी पळत नाही. म्हणजे वेग कमी पडतोय हे दुखणंच नाही. दुखणं आहे ते सुरू होण्यात आणि थांबण्यात. ४१ टनांचं धूड जागचं हलताना वेळ घेतं, थांबताना नाक खाली घालतं. साधा बोर्ड मात्र काडी ढकलली की मोटरला एकदम करंट देतो. उडी मारणारच ना! दमदार मोटर टाकलीत तर बेडूक आणखी लांब उडी मारेल, एवढंच.

म्हणून पैसे मोटरवर नाही, मोटरला हाकणाऱ्या सर्किटवर घाला. तयार बोर्ड मिळतात, पण मी या मुलाला स्वतः जुळवायला सांगेन. लागतं काय? २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणि रिसिव्हर, एक आर्डुइनो नॅनो, दोन मोटर ड्रायव्हर, ५ व्होल्टचा बक मॉड्यूल. लॅमिंग्टन रोड, तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन, कुठूनही घ्या. फक्त ड्रायव्हर घेताना दुकानदार हमखास एल२९८एन पुढे करतो, तो घेऊ नका. तो स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो आणि एका बाजूला २ अँपिअरपुढे जात नाही. ट्रॅक दगडात अडकला की मोटर त्याच्या कितीतरी पट करंट मागते. त्यापेक्षा बीटीएस७९६० घ्या, प्रत्येक मोटरला एक. त्यावर ४३ अँपिअर लिहिलेलं असतं, तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, पण आपलं काम त्यात आरामात भागतं.

आता खरी गंमत. रिसिव्हर दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. काडी मधे असली की १५०० मायक्रोसेकंदांचा, दोन टोकांना साधारण १००० आणि २०००. नॅनो तो मोजतो. डावा ट्रॅक म्हणजे वेग अधिक वळण, उजवा म्हणजे वेग उणे वळण. झालं मिक्सिंग! वेग शून्य आणि नुसतं वळण दिलं, तर रणगाडा जागच्या जागी गरकन फिरतो.

आणि बेडकावरचा उतारा कोडच्या दोन-तीन ओळींत आहे. मोटरला द्यायचा आकडा ० ते २५५ असतो. तो थेट काडीएवढा करायचा नाही. दर २० मिलिसेकंदांनी जास्तीत जास्त २ नं बदलू द्यायचा. शून्यापासून पूर्ण वेगाला अडीच सेकंद लागतात. थांबताना ५ नं उतरवा, नाहीतर भिंतीवर जाईल. आकडे तुमच्या मॉडेलप्रमाणे कमी-जास्त करत बसा, एक अख्खा रविवार जातो आणि मजा येते. मात्र एक अट घालाच: अर्धा सेकंद पल्स आला नाही, तर दोन्ही मोटरी बंद. रिमोटचे सेल संपले की रणगाडा गच्चीवरून खाली जायला नको.

पहिली चाचणी रणगाडा लाकडी ठोकळ्यावर ठेवून, ट्रॅक हवेत. सर्व्हो उगाच थरथरत असेल तर मोटरच्या दोन टोकांमधे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाकून बघा. सगळ्या भागांचा ग्राउंड एकच हवा, हेही तपासा.

उरली बॅटरी, आणि इथे मी थोडा कडक बोलणार आहे. जुन्या मॉडेलमधे ७.२ व्होल्टचा निकेल पॅक असतो. तो काढून लिथियम टाकायची सगळ्यांना घाई असते. टाका, पण जुना बोर्ड निकेलच्या हिशेबानं बनवलेला असतो, लिथियम सेल किती खाली गेला हे तो बघेलच असं नाही. ३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल खराब होतो, आणि तोच पुन्हा चार्जिंगला लावला तर पेट घेऊ शकतो. बॅलन्स प्लगला लावायचा बझर घ्या, ३.३ व्होल्टवर सेट करा. खेळ झाला की तो काढा, नाहीतर तोच बॅटरी पिऊन टाकतो. निकेलचा चार्जर लिथियमला कधीही लावायचा नाही. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून पॅक बनवायचे व्हिडिओ बघितले असतील, तो नाद सोडा. पॅक फुगलेला दिसला तर त्याचा वापर तिथेच संपला. चार्जिंग फरशीवर, डोळ्यासमोर, रात्री झोपताना गादीजवळ नाही.

आणि बॅटरीच्या लाल वायरवर, अगदी प्लगजवळ, फ्यूज. गाड्यांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात १० अँपिअरचा, दोन पात्यांचा मिळतो, अगदी किरकोळ किमतीत. तो आधी बसवा, मग बाकीच्या वायरी जोडायला घ्या. तोफेचा आवाज आणि रिकॉइल पुढच्या भागात. तोवर आजोबांनी काय शेरा मारला ते व्हॉइस नोटवर कळव रे मित्रा!